पावसाळ्याचं जळण: गावी नव्याने राहायला आलेल्यांसाठी

मुंबई सोडून कोकणात राजापूर तालुक्यातल्या जुन्या घरी राहायला आलो त्या वर्षी मी मेच्या 20 तारखेला लाकडं घेतली. आकेशियाचे ओंडके, टेम्पोभर. आठवडाभर खपून फोडले, घरामागे रचले आणि पाऊस लागू नये म्हणून निळी ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट आवळून बांधली. जुलैत ताडपत्री सोडली तर आतून दमट, आंबूस वाफ आली. लाकडांवर पांढरी बुरशी, खालच्या थरात चक्क अळंबी उगवलेली. त्यातली दोन फाटी न्हाणीतल्या चुलीत सरकवली. जळत्या फाट्याच्या दुसऱ्या टोकातून फेस यायला लागला, चर्र चर्र आवाज, आणि न्हाणीत एवढा धूर की आंघोळीआधीच डोळ्यांतून धारा. शेजारचे आबा कुडापलीकडून बघत होते. म्हणाले, "लाकडं नाय घेतलीस तू, पाणी घेतलंस टेम्पोभर."

आबांचं म्हणणं अगदी शब्दशः खरं होतं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. म्हणजे पैसे एक टनाचे दिलेत तर जळणारं त्यात अर्धाच टन. शिवाय ते पाणी उकळून वाफ करण्यात उरलेल्यातली आच खर्ची पडते. एक किलो ओल्या लाकडातून ढोबळमानाने 8 मेगाजूल उष्णता मिळते, नीट सुकलेल्या किलोभरातून 14 च्या आसपास. धुराचं कारणही हेच. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि ज्योत म्हणजे ते वायू पेटणं. ओल्या लाकडात तेवढी धग तयारच होत नाही, म्हणून ते न जळता धूर होऊन वर जातात आणि हंड्याच्या बुडाला काजळीचा थर देतात.

तेव्हा जळणाचं काम पावसाळ्यात नसतं, ते थंडी-उन्हाळ्यातलं आहे. हल्ली बरीच मंडळी गावचं घर उघडून राहायला येतायत, त्यांच्यातल्या पहिल्यांदाच पाणचूल पेटवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. स्वयंपाकाला गॅस आहे असं धरलंय. लाकूड मुख्यतः आंघोळीच्या पाण्याला, आणि चार दिवस वीज नसली की सगळ्यालाच.

किती लागेल

अंदाज आधी काढा, नाहीतर गणपतीत लाकूड संपतं. चार माणसांना आंघोळीला मिळून 40 लिटर पाणी कडकडीत तापवायचं, म्हणजे 50 अंशांनी वर न्यायचं, तर पाण्यात साडेआठ मेगाजूल उष्णता जायला हवी. उघड्या चुलीची 100 टक्क्यांतली जेमतेम 15 टक्के धग हंड्याला लागते, बाकीची भिंतीला आणि आपल्या नडगीला. हिशोब केला तर रोज चार किलो सुकं लाकूड होतं. जून ते सप्टेंबरचे 122 दिवस धरले की झालं जवळजवळ अर्धा टन. चुलीला चारी बाजूंनी माती लिंपून हंडा नीट बसवून घेतला, तोंड फक्त लाकडाएवढं ठेवलं, तर यात बरीच बचत होते. तो अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे, करून टाका.

या अर्ध्या टनावर तिसरा हिस्सा जास्तीचा ठेवा. गणपतीत घरात चार जागी चौदा माणसं असतात आणि चाकरमान्यांना गावी आल्यावर दोन बादल्या गरम पाणी लागतं. (मी स्वतः वीस वर्षं तेच केलं, त्यामुळे बोलायला तोंड नाही.)

अर्धा टन म्हणजे डोळ्यांना केवढं दिसतं? हातभर लांबीच्या फोडलेल्या कठीण लाकडांची सहा फूट लांब, पाच फूट उंच अशी एक रांग. पडवीत तेवढी जागा आहे का ते आत्ताच मोजून बघा.

आणायचं कुठून

आधी घरचं. तुमची आंबा-काजूची बाग असेल तर छाटणीच्या फांद्या, वादळात पडलेलं, कीड लागून वठलेलं, एवढ्यात बऱ्याच घरांचं भागतं. नारळाची दहा-बारा झाडं असतील तर झावळ्या, पोया (फुलोऱ्यावरची आवरणं), सोडणं (नारळाची वरची सालं), करवंट्या हे वर्षभर आपोआप पडत असतं. ते जाळून टाकणारे लोक बघितले की मला फार वाईट वाटतं. विकत घ्यायचं तर गावात आकेशिया किंवा सुरू तोडणारा कुणीतरी असतोच. लाकूड कापायच्या गिरणीत निघालेल्या पाठी (सालीकडच्या फळ्या) आणि तुकडेही स्वस्तात मिळतात. फक्त प्लायवूडचे तुकडे आणि रंग दिलेलं लाकूड त्यातून वेगळं काढा. डिंक आणि रंग जळून येणारा धूर घरात घेण्यासारखा नसतो.

झाड आपल्या जमिनीत असलं म्हणजे ते आपण कधीही पाडू शकतो असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 मध्ये झाडांची एक यादी आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, बिजा, मोह, चिंच, जांभूळ, चंदन आणि हो, आंबा-फणससुद्धा त्यात आहेत. यातलं उभं झाड तोडायचं तर मालकी कितीही पक्की असो, वनखात्याची परवानगी आधी लागते. लाकूड गाडीतून न्यायचं तर वाहतुकीचा पासही लागू शकतो. खारफुटीला तर हातच लावायचा नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे बंधनं आणखी कडक आहेत. "अहो, सगळेच तोडतात" हे उत्तर वनपाल ऐकून घेत नाहीत. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा जाऊन विचारून या. आणि देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलू नका. ते कायद्याच्या आधीपासूनचं आहे, गावात राहायचं तर पाळायचं.

कुठलं लाकूड कसं

सुरूला तोड नाही. दाट, सरळ फुटणारं, जरा ओलसर असलं तरी पेटतं आणि निखारा धरून ठेवतं. किनाऱ्यालगत राहात असाल तर भाग्यवान. आकेशिया सामाजिक वनीकरणाच्या काळात सगळीकडे लागला, आता जळण म्हणून सगळ्यात सहज तोच मिळतो. आच चांगली, पण तो ताजा असतानाच फोडला पाहिजे, सुकला की कुऱ्हाड उडवतो. निलगिरीचंही तसंच, तिच्यात पीळ असतो. आंबा मध्यम: सुकलेला असेल तर छान, पण भुंगे फार लागतात, म्हणून एका हंगामातच संपवायचा. काजू पेटतो बरा, पण ठिणग्या उडवतो, समोर बसताना सुती कपडे घाला. गिरिपुष्पाची कुंपणाची छाटणी बारीक जळण म्हणून उत्तम, आणि तोडलं की पुन्हा फुटतं, त्यामुळे माझ्या मते नव्या माणसाने पहिल्या पावसात बांधाला गिरिपुष्पाच्या फांद्या खोचाव्यात. दोन-तीन वर्षांत निम्मं जळण घरचं.

सावर, पांगारा, शेवगा ही झाडं जळणाच्या कामाची नाहीत. हलकी असतात, भसकन जळून जातात आणि ठेवली तर कुजतात. घाटावर असाल तर हा सगळा परिच्छेद विसरा, तिथे बाभूळ आहे.

बांबू जाळायचा तर आधी उभा चिरून घ्या. पेरात कोंडलेली हवा तापली की बंदुकीसारखा आवाज होतो आणि निखारे अंगावर येतात.

काही गोष्टी मुळीच जाळायच्या नाहीत. बिब्बा आणि रानबिब्बा यांचा चीक अंगावर फोड आणतो आणि धूरही तितकाच वाईट. तोडणाऱ्याचं तोंड सुजतं, जाळणाऱ्याचेही हाल होतात. रानातलं जळण गोळा करत असाल तर सुरुवातीचे महिनाभर ओळखणारं माणूस बरोबर हवंच. कण्हेर विषारी आहे, तिच्या काटक्या चुलीत नकोत. शेर या चिकाच्या झुडपाच्या कुंपणाची सुकी कांडंही नकोत. काजूबियांच्या टरफलांत तेल असतं, ती भडकतात झकास, पण तो धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. म्हणूनच जुन्या बायका बिया अंगणात, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसून भाजायच्या.

तोडणं आणि फोडणं

डिसेंबर-जानेवारी हा तोडायचा काळ. थंडीत हवा कोरडी असते आणि पुढे चार महिने ऊन हाताशी राहतं. आमच्याकडे लाकूड काळोख्या पंधरवड्यात तोडतात, भुंगा लागत नाही म्हणतात. मी दोन्ही पंधरवड्यांत तोडून बघितलं, मला फरक जाणवला नाही. पण आबांसमोर मी हे बोलत नाही.

कापताना लांबी ठरवून कापा. उघड्या चुलीला हातभर, बंबाला वीतभर. लाकडातलं पाणी झाडात जसं वर चढायचं त्याच नळ्यांतून, म्हणजे कापलेल्या तोंडांतून, पटकन बाहेर पडतं. सालीतून जवळजवळ नाहीच. म्हणून आखूड तुकडा लवकर सुकतो आणि अखंड ओंडका सालीसकट ठेवला तर वर्षभरानंतरही आत ओला निघतो. मी पहिल्या वर्षी जे शिकलो ते एवढंच: लाकूड फोडलं त्या दिवशी सुकायला लागतं, तोडलं त्या दिवशी नाही.

ओंडके पाडायला कटरवाला बोलवा. पेट्रोलवर चालणारं ते यंत्र हाती घेऊन शिकण्याच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. फोडण्याचं काम मात्र स्वतः करण्यासारखं आहे. लागतं काय, तर अडीच-तीन किलोची कुऱ्हाड, एक घण, दोन लोखंडी पाचरी आणि गुडघ्यापेक्षा खाली राहील असा जाड बुंध्याचा ठोकळा. जमिनीवर ठेवून फोडू नका. वार चुकला की पातं जांभ्या दगडावर जातं आणि धार संपते. पायात बूट हवेत, स्लिपर नाही. डोळ्यांना साधा स्वस्तातला चष्मा लावला तरी चालेल, पण लावा.

आता बघा. ओंडका ठोकळ्यावर उभा ठेवला की त्याच्या वरच्या तोंडाकडे नीट पाहायचं. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक भेगा दिसतील. सगळ्यात लांब भेग आपल्या समोर येईल असा ओंडका फिरवून घ्यायचा. गाठ असेल तर ती खालच्या बाजूला. पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहायचं, कुऱ्हाड डोक्यावरून आणताना वरचा हात दांड्यावरून घसरत खालच्या हाताला येऊन मिळतो, आणि पातं लाकडाला भिडताना गुडघे किंचित वाकतात. जोर खांद्याने लावायचा नसतो, वजन कुऱ्हाडीचंच असतं. मोठ्या ओंडक्याच्या मध्यावर वार करण्याचा मोह होतो, तो टाळा. कडेने तीन बोटं आत घाव घालून ढलप्या काढत काढत मध्याकडे जा. पातं अडकलं तर हिसके देऊ नका, कुऱ्हाडीसकट ओंडका उलटा करून ठोकळ्यावर आपटा, स्वतःच्या वजनाने फाटतो. एक युक्ती गॅरेजवाल्या पोराने शिकवली: ठोकळ्यावर स्कूटरचा जुना टायर खिळ्यांनी ठोकून बसवा आणि ओंडका टायरच्या आत उभा करा. फुटलेले तुकडे चार दिशांना उडत नाहीत, जागेवर राहतात. कंबरेचे शंभर वाक वाचतात.

जाडी मनगटाएवढी करा, त्याहून जाड ठेवू नका. थोडी फाटी अंगठ्याएवढी बारीक हवीत. दिवसाला दोन तास पुरे, सकाळी. दुसऱ्या दिवशी हात वर होत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो.

वाळवण

फेब्रुवारीपर्यंत फोडून झालं असेल तर मार्च, एप्रिल आणि निम्मा मे तुमचा आहे. अंगणात नुसता ढीग घालू नका, ढिगाच्या पोटात वारा जात नाही. जांभ्याचे चिरे दोन ओळींत मांडून त्यावर बांबू किंवा पोफळीच्या फाळ्या आडव्या टाका आणि त्यावर लाकडं एक थर उभा, एक थर आडवा अशी जाळीदार रचा. उंदराला जाता येईल, मांजराला नाही, एवढ्या फटी हव्यात. लाकूड उन्हाने सुकतं असं आपण म्हणतो, पण काम वाराच जास्त करतो, ऊन त्याला मदत करतं. वाहत्या वाऱ्याची अर्धी सावली बंदिस्त कडक उन्हापेक्षा बरी.

कोकणात फेब्रुवारी ते मे वणव्यांचे दिवस. रचलेल्या लाकडांभोवती पाच-सहा हात जागा गवत काढून साफ ठेवा. कड्यावरून येणारी एक ठिणगी वर्षभराची मेहनत नेते. दुसरा धोका याच दिवसांत येतो, शिमग्याचा. रस्त्यालगत ठेवलेलं जळण होळीच्या आठवड्यात पोरं हमखास पळवतात, आणि त्यावर भांडायची आपल्याकडे रीत नाही. ढीग मागीलदारी असू द्या आणि दोन-चार वाकडे ओंडके मुद्दाम पुढे ठेवा, मान राहतो.

सुकलं हे कसं कळायचं? लोक सांगतात दोन लाकडं एकमेकांवर वाजवा. टण्ण वाजलं तर सुकं, थप्प वाजलं तर ओलं. हे बरोबर आहे, पण नवख्या कानाला दोन्ही सारखंच वाटतं. तोंडाला भेगा पडल्यात का, साल सुटून येते का, रंग फिका करडा झालाय का, हेही बघतात. मला विश्वासाचा वाटतो तो वजनाचा मार्ग. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा आणा. ढिगात वेगवेगळ्या जागची पाच फाटी निवडून त्यांवर खडूने आकडे घाला, वजन वहीत लिहा. दर पंधरा दिवसांनी परत तोला. माझं आकेशियाचं एक फाटं फेब्रुवारीत 2 किलो 100 ग्रॅम होतं, एप्रिलच्या मध्यावर 1 किलो 350, आणि मेच्या सुरुवातीला 1 किलो 300. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत ते यापुढे सुकणार नाही, झालं तयार. घाई असेल तर ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. त्याच्या दोन सुया बाहेरून टोचायच्या नाहीत, फाटं तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायच्या. 20 टक्क्यांच्या खाली हवं, 15 च्या आसपास असेल तर फारच छान. जुलै-ऑगस्टच्या हवेत छपराखालचं लाकूडही पुन्हा ओल ओढतं आणि 18-20 पर्यंत जातं, तेव्हा उन्हाळ्यात थोडं जास्तच सुकवून ठेवायला हवं.

आत घेणं आणि रचणं

वळवाची पहिली सर येण्याआधी, म्हणजे मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सगळं छपराखाली गेलं पाहिजे. मृग 7-8 जूनला लागतो म्हणून तोवर थांबणारे दरवर्षी भिजतात. निवडा भर दुपार, सकाळचं दव उडून गेल्यावर, लाकूड हाताला गरम लागत असताना.

जागा निवडताना पाऊस कुठून येतो ते आठवा. आपल्याकडे तो नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून घराची पूर्वेची किंवा ईशान्येची पडवी जळणाला उत्तम. वर छप्पर आणि बाजू उघड्या, हे एवढं सूत्र. माझी ताडपत्री नेमकी याच्या उलट होती. पाणी बाहेरून येऊ दिलं नाही तसं आतलं बाहेर जाऊही दिलं नाही. वेगळी खोपी बांधत असाल तर पत्रा किंवा कौलं उताराची, आणि पावसाच्या बाजूला नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप लावा. झापातून पाणी निथळतं पण वारा खेळतो. ताडपत्री वापरायचीच तर फक्त माथ्यावर टोपीसारखी.

पागोळ्यांच्या रेषेपासून किमान दोन फूट आत रचा. पागोळी अंगणात पडून उडणारे शिंतोडे दीड फुटापर्यंत येतात, म्हणून पहिला थर चिऱ्यांवर फूटभर तरी उंच. भिंतीला टेकवायचं नाही, मध्ये वीतभर मोकळं सोडा. मातीची भिंत असेल तर वाळवी लाकडातून थेट वाशांपर्यंत पोहोचते आणि मग प्रश्न जळणाचा राहात नाही. चिऱ्यांवरून मातीचे बारीक बोगदे चढताना दिसले की लगेच मोडा, दर आठवड्याला नजर टाका.

रांगेची दोन टोकं ढासळू नयेत म्हणून टोकाला लाकडं एकाआड एक आडवी-उभी रचून खांब करा, मधली सरळ भरा. साल असलेलं फाटं साल वर करून ठेवा, चुकून गळलं तर पाणी सालीवरून ओघळतं. जाड लाकडं मागच्या रांगेत, बारीक पुढे. आंबा आणि इतर भुंगे लागणारं लाकूड सगळ्यात पुढे, ते जून-जुलैत संपवायचं. पिवळा भुगा सांडलेला दिसला तर ते फाटं त्याच दिवशी चुलीत.

आठवडाभराचं जळण घरात, चुलीपासून तीन-चार हातांवर आणून ठेवा. तिथल्या उबेने त्याची उरलीसुरली ओल जाते. आमच्या जुन्या घरात चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली होती, तिच्यावर उद्याचं जळण असायचं. ती कल्पना चांगली आहे, पण ज्योत पोहोचणार नाही एवढी ती उंच हवी. चुलीच्या तोंडाशी लाकडांचा ढीग ठेवून झोपायला जाणं म्हणजे घराला काडी लावून जाणं.

चूड, करवंट्या वगैरे

मोठ्या लाकडांची तयारी झकास करतात आणि पेटवायला काही नाही, मग रॉकेलची बाटली शोधत बसतात. बारीक जळणाची तरतूद वेगळी करा. नारळाची सुकी चुडतं (झावळ्यांची पाती) मुठीएवढ्या जुड्या बांधून, सोडणं आणि करवंट्या पोत्यात भरून घरात कोरड्या जागी. दोन पोती करवंट्या म्हणजे पावसाळ्याची चैन.

चुलीत आधीची राख थोडी राहू द्या, पण हवा जायची वाट मोकळी करा. खाली चुडतं, त्यावर काटक्या, त्यावर दोन करवंट्या पालथ्या, आणि दोन बारीक फाटी तिरकी टेकवून. काडी लावा आणि हात मागे घ्या. नवखा माणूस इथेच चूक करतो, घाईने वर जाड लाकूड कोंबतो आणि मग फुंकणी घेऊन लाल होतो. करवंट्या धडाडून पेटल्या की मगच मनगटाएवढं लाकूड, तेही दोनच. दोन लाकडांमध्ये बोटभर फट असेल तर ती एकमेकांना तापवत जळतात. एकटं लाकूड विझतं.

तांब्याचा बंब वापरणार असाल तर आधी पाणी, मग विस्तव. रिकाम्या बंबाखाली जाळ केला तर जोडांचं झाळकाम वितळतं आणि कल्हईवाल्याला शोधत तालुक्याला जावं लागतं. बंबाची मधली नळी अरुंद असते, तिला वीतभर तुकडे आणि करवंट्याच मानवतात.

ढिगातले पाहुणे

लाकडांची रांग म्हणजे उंदीर, पाली, बेडूक, आणि त्यांच्या मागावर साप. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या फटींतून फुरसं असतं, वीतभर-हातभर लांबीचं, लाकडाच्याच रंगाचं. विंचू तर सालीखालीच घर करतो. लाकूड काढताना आधी काठीने रांगेवर दोन-चारदा ठोका, क्षणभर थांबा. काळोखात टॉर्चशिवाय जाऊ नका. बोटं फटीत घालून ओढायचं नाही, वरचं लाकूड वरून उचलायचं. जाड हातमोजे आणि बूट घाला. पोरांना जळण आणायला पाठवू नका.

साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक, यातलं काहीही न करता हात-पाय स्थिर ठेवून 108 ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय. विंचवाचंही अंगावर काढू नका, कोकणातला लाल विंचू लहान मुलांच्या हृदयावर घाला घालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, त्यानंतर मृत्यू कितीतरी कमी झाले. पण ती गोळी डॉक्टरने द्यायची असते आणि वेळेत पोहोचलात तरच.

धूर, निखारा आणि राख

न्हाणीला वरच्या बाजूला धुराडं किंवा निदान झरोका हवाच. नव्या बाथरूमच्या फरशा लावताना लोक तो झरोका बुजवतात. निखारे भरलेली शेगडी बंद खोलीत नेऊ नका, मग ती पावसात कपडे वाळवायला असो की बाळंतिणीच्या शेकाला. निखाऱ्यातून धूर येत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि ती झोप उतरत नाही. शेक घ्यायचा असेल तर दार-खिडकी उघडी, माणूस जागं, आणि काम झालं की शेगडी लगेच बाहेर.

राख प्लास्टिकच्या बादलीत भरू नका, आत दडलेला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो. पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा. थंड झाली की चाळून घ्या. वरची कोळशाची खडी पुन्हा चुलीला, खालची बारीक राख बियाण्याला, अळूच्या बुंध्याशी, आणि पितळेच्या भांड्यांना.

ऑक्टोबरच्या उन्हात रांग एकदा पूर्ण मोकळी करायची. उरलेली फाटी दोन दिवस अंगणात तापवायची, चिऱ्यांखालचा भुगा झाडायचा आणि मग तीच फाटी सगळ्यात पुढच्या बाजूला लावायची, दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाच्या पाण्याला. गेल्या वर्षी माझ्याकडे अशी दीड हात रांग उरली होती. आबा आले, एक फाटं उचलून दुसऱ्यावर वाजवलं, कान देऊन ऐकलं, काही न बोलता खाली ठेवलं आणि चहा मागितला.